उभी ई-स्कूटर पेटते कशी?

मार्च २०२२मध्ये पुण्यातील लोहगाव येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ई-स्कूटरने पेट घेतला. देशात अशा काही घटना घडल्यानंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले. पण गाडी बंद असताना आग लागते कशी?

नेमके काय घडते?
बॅटरी पॅकमध्ये अनेक लिथियम-आयन सेल असतात. एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट झाले, की तो तापतो. ठरावीक तापमानानंतर सेलमधील रासायनिक क्रियाच उष्णता वाढवत नेतात. यालाच ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. ही उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पोहोचली, की पूर्ण पॅक पेटतो. विझलेली आग पुन्हा भडकू शकते.

उपाय काय?
निकेलयुक्त कॅथोड तापल्यावर ऑक्सिजन सोडतो. लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) सेलमध्ये तो घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे हे सेल तुलनेने सुरक्षित. मात्र तेवढ्याच रेंजसाठी बॅटरी जड होते. शिवाय दोन सेलमध्ये पुरेसे अंतर आणि उष्णतारोधक थरही लागतो.

नियम काय सांगतो?
‘एआयएस-१५६’ मानकातील सुधारणा १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३पासून दोन टप्प्यांत लागू झाल्या. एका सेलच्या बिघाडाने पॅकला आग लागू नये, ही त्यातील कळीची अट. सेल कधीच बिघडणार नाही, अशी हमी देता येत नाही. बिघाड तिथेच रोखता येतो.

काय काळजी घ्याल?
उन्हातून आल्यावर लगेच चार्जिंग करू नका. बॅटरी फुगली किंवा उग्र वास आला, तर वापर थांबवा.