सेव्ह करताना डावीकडे बघा

आज आपण फाइल सेव्ह करताना उघडणाऱ्या चौकटीबद्दल बोलतोय. नाव लिहायचं, सेव्ह दाबायचं, झालं! कुठे गेली हे आपण बघतच नाही.

कुरकुंभला बसलोय, तर इथलंच घेऊ. समजा, एमआयडीसीतल्या एखाद्या रसायनांच्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांना एकच कॉम्प्युटर आहे. रात्रपाळीवाल्याने बॅचची नोंद सेव्ह केली, ती गेली 'डॉक्युमेंट्स'मध्ये. सकाळचा माणूस ती 'बॅच नोंदी' या फोल्डरमध्ये शोधतो. नोंद आहे, पण त्याच्या लेखी नाही. मग टाकीत काय, किती घातलंय हे त्याने कशावरून ठरवायचं?

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना शब्द उकरायची खोड. 'डिफॉल्ट' म्हणजे मुळात कसूर. बँकेचा डिफॉल्टर तोच. आपण सांगायचं राहिलं, की आपल्या वतीने दुसरा कुणीतरी ठरवतो.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत या चौकटीच्या डाव्या कडेला पाच मोठी बटणं असायची: अलीकडच्या फाइली, डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, माय कॉम्प्युटर, नेटवर्क. ती बदलता यायची, पण ग्रुप पॉलिसीत किंवा रजिस्ट्रीत शिरून. आणि जागा पाचच. सामान्य माणूस तिकडे कशाला फिरकेल?

विंडोज १० आणि ११ मध्ये हे सोपं झालंय. हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'पिन टू क्विक अॅक्सेस' निवडायचं. तो फोल्डर सेव्हच्या चौकटीतही डावीकडे दिसू लागतो. नकोसा झाला तर अनपिन करा; त्याने फोल्डर पुसला जात नाही. पुष्कळजण उगाच घाबरतात.

आता इथे एक घोटाळा होतो. पिन म्हणजे फक्त वाटेवरची पाटी. फाइल आपोआप तिथे जात नाही, पाटीवर क्लिक आपणच करायचं. बरेचसे प्रोग्रॅम तर आपण मागच्या वेळी जिथे सेव्ह केलं तोच फोल्डर पुढे करतात. 'डॉक्युमेंट्स'ची जागाच हलवायची असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' बघा. वर्डमध्ये एफ १२ दाबलं की ही चौकट थेट उघडते.

आणि हो, पिन ज्याच्या त्याच्या लॉगिनपुरती असते. तिन्ही पाळ्यांची लॉगिनं वेगळी असतील, तर तिन्हींत ती लावावी लागेल.