पेढीवर बसण्यापूर्वी वाचाव्यात अशा दोन कादंबऱ्या

पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना मिळाली ती एका सावकारी पत्रातून. १४ जानेवारी १७६१ चा संहार त्यात नाण्यांच्या सांकेतिक भाषेत होता : विश्वासराव व सदाशिवरावभाऊ यांसाठी मोती, सरदारांसाठी मोहरा आणि असंख्य शिपायांसाठी रुपये व खुर्दा. व्यापारी घराण्यांना ही भाषा परकी वाटू नये.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) ही कादंबरी म्हणूनच आपल्या वाचकांना सुचवावीशी वाटते. रसद तुटली, तिजोरी रिती झाली आणि छावणी उपाशी पडली, की तलवारही कशी हतबल होते, हे तीत प्रत्ययास येते.

त्यानंतर रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) वाचावी. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे धारण करणाऱ्या माधवरावांना पराभवासोबत कर्जाचाही वारसा मिळाला होता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे त्यांनी देह ठेवला. अखेरच्या आजारातही त्यांना ऋणफेडीची चिंता होती.

कादंबरी म्हणजे दप्तर नव्हे. प्रसंग इतिहासाचे असले, तरी संवाद व मनोगते लेखकाची असतात, एवढे भान मुलांना वाचतानाच द्यावे.

वडिलोपार्जित वैभवाबरोबर वडिलोपार्जित ऋणही आपलेच मानणारा हा तरुण पेशवा, उद्या पेढीवर बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना एकदा अवश्य भेटावा.