गळ आणि पाणी – भाग ६ : पहिला जिग घरच्या घरी

रॉड, रीळ आणि तंगूस यांची ओळख गेल्या भागांत झाली. आता तंगुसाच्या टोकाला काय लावायचं, याकडे वळू. बाजारात तयार जिग मिळतात आणि ते वापरण्यात काही गैर नाही. पण जो स्वतः एक जिग बांधतो त्याला पाणी, मासा आणि गळ यांचं नातं जसं कळतं, तसं ते विकत घेऊन कळत नाही. म्हणून हा आख्खा भाग बांधणीसाठी ठेवला आहे.

जिग म्हणजे वजन बांधलेला गळ. पाण्यात सोडला की तो डोकं खाली करून बुडतो, रॉडचं टोक उचललं की उसळी घेतो, ढील दिली की पुन्हा बुडतो. ही हालचाल घायाळ मासोळीसारखी वाटते आणि शिकारी मासा झडप घालतो. मासा पुष्कळदा जिग खाली जात असतानाच तोंड घालतो. त्यामुळे जिग किती वेगानं आणि कोणत्या बाजूनं बुडतो हे आधी जमवायचं. रंग आणि पिसं नंतर.

शिकारी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या धरणांत आणि तलावांत बीज सोडलं जातं ते मुख्यतः कटला, रोहू, मृगळ यांचं. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतींवर जगतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. या तिघांसाठी कणकेचा गोळाच बरा, जिगवर ते सहसा येत नाहीत. जिगची खरी गिऱ्हाईक म्हणजे मरळ. काठच्या गवतात दबा धरून बसते आणि बेडूक, मासोळी जे समोर येईल ते गिळते. तिलापिया १९५२ साली भारतात आणलेली. ती एरवी शेवाळ खाते, पण स्वभावानं भांडखोर असल्यानं छोट्या जिगवर तीही तोंड टाकते.

माशाचं खाणं पाहून आमिष ठरवायचं हे शहाणपण या मुलखात नवं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, त्यांना काय चारावं आणि गळानं कसं धरावं, हे सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहून ते आधुनिक अभ्यासकांपुढे आणलं. मराठवाड्यातल्या गळकऱ्यानं ही परंपरा आपली म्हणून सांगावी, इतकी ती जवळची आहे.

आता पाण्याकडे पाहू. छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. मागे पसरला तो नाथसागर. डोंगरदऱ्यांतलं नव्हे, सपाट शेतजमिनीवरचं हे पाणी आहे, म्हणून ते विस्तारानं अफाट आणि काठाकडे उथळ. बुडालेले बांध, बाभळीची खुंटं, काठाला बेशरमाची झुडपं. अशा तळावरून साधा गळ ओढला तर तो अडकणारच. म्हणून पहिली अट अशी की गळाचं टोक वर राहिलं पाहिजे.

दुसरी अटही याच उथळपणातून येते. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात इथे पट्टकदंब येतात, रोहित येतात, बदकांचे थवे उतरतात. बदकं आणि हंसवर्गातले पक्षी खाल्लेले दाणे दळण्यासाठी तळाचे खडे गिळतात. खड्यांसोबत तुटून पडलेली शिशाची गोळी पोटात गेली की पेषणीत ती झिजते आणि विष रक्तात उतरतं. ब्रिटनमध्ये याच कारणानं हंस मरू लागले, तेव्हा १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक छोट्या शिसे-वजनांच्या विक्रीवर बंदी आली. शिसं स्वस्त आहे, ३२७ अंशांना वितळतं आणि घरच्या गॅसवर ओतता येतं, म्हणून नवशिके तिकडे ओढले जातात. माझं सांगणं स्पष्ट आहे : शिसं घेऊ नका. त्याची धूळ आणि वाफ घरातल्या लहान मुलांनाही घातक असते.

शिशाऐवजी पितळी मणी घ्या. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी-सराफ्याकडच्या गल्ल्यांत मण्यांच्या दुकानात विचारा, भरीव मागा, पोकळ नको. आठ मिलिमीटरचा भरीव मणी, भोक वजा जाता, साधारण दोन ग्रॅमचा भरतो. असे दोन मणी म्हणजे चार ग्रॅम. काठावरच्या मरळीला तेवढं वजन पुरतं. तिलापियासाठी सहा मिलिमीटरचे घ्यावेत, जोडीचं वजन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास जातं.

एकच मणी गळात ओवला तर टोक खालीच राहतं. इथे १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी लोकप्रिय केलेली युक्ती कामाला येते. दोन मणी तारेच्या तुकड्यावर दोन टोकांना बसवून डंबेल करायचं आणि ते गळाच्या दांडीच्या पाठीवर, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूला, आडवं बांधायचं. पाण्यात जड बाजू खाली जाते, गळ उलटा होतो आणि टोक आपोआप आकाशाकडे वळतं.

बांधायला ४ नंबरचा, लांब दांडीचा गळ घ्या. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे लक्षात असू द्या. उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा. मासा सोडायचा असेल तर इजा कमी होते आणि बोटात घुसला तर निघतोही. टेबलाला लागणाऱ्या छोट्या व्हाइसमध्ये गळाचा बाक धरा, दांडी आडवी ठेवा. नेढ्याच्या मागे दोन मिलिमीटर जागा सोडून दोरा सुरू करा. ही जागा शेवटच्या गाठींसाठी असते आणि शिकाऊ हाताकडून सर्वांत आधी हीच भरून जाते. दोरा बाकापर्यंत लगालगाचे वेढे देत न्या आणि परत पुढे आणा. नेढ्यापासून दांडीच्या एक तृतीयांशावर डंबेल ठेवा. आधी एका तिरक्या दिशेनं दहाबारा वेढे, मग दुसऱ्या तिरक्या दिशेनं तेवढेच, म्हणजे फुलीचा आकार येईल. त्यानंतर मण्यांच्या खाली, दांडीच्या वर, आडवे गोल वेढे द्या. हे वेढे आधीच्या फुल्या आवळतात. मणी बोटानं हलवून पाहा. तसूभरही सरकता कामा नये. मगच फेविक्विकचा एक थेंब.

दोऱ्याची गोष्ट पैठणची आहे. नायलॉन येण्याआधी जगभर गळावर पिसं बांधत ती रेशमानं. पैठणीच्या मागाशी उरणाऱ्या रेशमाच्या तुकड्यांतून, विणकरांना विचारून, हात दीड हात लांबीचे धागे मिळू शकतात. धागा मेणावरून ओढून घ्या, नाहीतर वेढे निसटतात. रेशीम भिजलं की त्याचा रंग गडद होतो, पिवळा मातकट दिसू लागतो. म्हणून रंग ठरवताना धागा आधी ओला करून पाहा. सोबत जर. तिच्या तीनचार बटा जिगला बांधायच्या केसांत मिसळल्या की मासोळीच्या खवल्यासारखी चमक येते. अस्सल जर पाण्यानं काळी पडते, मेटॅलिक जर टिकते.

केसांसाठी उस्मानाबादी शेळी. बहुतेक काळी असते आणि पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात काळी आकृतीच उठून दिसते. लांब केसांची बट घ्या, मुळाशी असलेली मऊ लव विंचरून काढा. काडेपेटीच्या काडीहून जाड बट नको, लांबी दांडीच्या दुप्पट. व्हाइसमध्ये गळ उलटा करा आणि बट टोकाच्या बाजूनं, मण्यांच्या पुढे बांधा. हवं असल्यास कोंबड्याच्या मानेचं एक पीस गोल गुंडाळा. रानपक्ष्यांच्या आणि मोराच्या पिसांच्या वाटेला जाऊ नका. मोर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. शेवटी नेढ्यामागे चारपाच अर्ध्या गाठी मारा, दोरा कापा आणि नेलपॉलिशचे दोन हात द्या.

एक रात्र वाळू द्या आणि मग बादलीत सोडून पाहा. टोक वर राहत नसेल तर मणी कमी पडतात किंवा केस जास्त झालेत. बहुतेक वेळा केसच जास्त असतात. ओली बट दांडीला चिकटून सडपातळ दिसली पाहिजे.

पाण्यावर नेण्याआधी परवानगी घ्या. नाथसागरात वन विभागाला विचारल्याशिवाय गळ टाकू नका. बाकीचे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, त्यांना विचारा. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका वळवळताना दिसला तर तिथे जिग मुळीच टाकू नका. खाली मरळीची जोडी राखणीला असते. झुबक्याजवळ काहीही पडलं की ती हल्ला करते, म्हणून तिथे ती सहज सापडते. आई-बाप गेले की पिल्लांचा झुबका बघता बघता इतर माशांच्या पोटात जातो.

जिग तंगुसाला जोडायच्या गाठी पुढच्या भागात. तोवर दोनचार जिग बांधून ठेवा.