रीस्टार्ट करून बघितलंत का, सर?

"सर, एकदा रीस्टार्ट करून बघितलंत का?"

बघितलं रे राजा! दिवसातून अकरा वेळा तेच तर करतोय...

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर गडचिरोलीला घरी होतो. पुण्यातल्या बॉसची अट एकच, लॉगिन चुकता कामा नये. आणि नेमकं तेव्हाच माझ्या आठ महिन्यांच्या लॅपटॉपने कंपनीकडून आलेलं बायोस अपडेट गिळलं. त्यानंतर झाकण मिटलं की पठ्ठ्या झोपायचा आणि उघडलं की उठायचाच नाही. पंखा चालू, स्क्रीन काळी. बटण दहा सेकंद दाबून धरायचं, अर्धवट एक्सेल शीटला श्रद्धांजली वाहायची, पुन्हा सुरू!

बायोस म्हणजे फर्मवेअर. विंडोज जागी होण्याआधी मशीनला उठवणारा, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहणारा प्रोग्राम. विंडोज फॉरमॅट केली तरी त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. पण हे कॉल सेंटरला कोण सांगणार? त्यांच्या कागदावर पुढची पायरी फॉरमॅटची होती, म्हणून फॉरमॅट. मग "इंजिनीअर पाठवतो, पिनकोड सांगा." ४४२६०५. थोडी शांतता, थोडं म्युझिक... "सर, हा एरिया सर्व्हिसेबल नाही. नागपूरला या."

नागपूर म्हणजे एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस. (आम्ही तरी जवळचे. भामरागडच्या माणसाने आधी गडचिरोली गाठायची, तीही पावसाळ्यात पर्लकोटेने रस्ता दिला तर.) तिथे नवा मदरबोर्ड बसवला. घरी येऊन झाकण उघडलं, पुन्हा काळोख! नव्या बोर्डवरही तेच व्हर्जन होतं.

चुका सगळ्यांच्याच होतात हो. जानेवारी २००९ मध्ये सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ हार्ड डिस्क फर्मवेअरपायी अचानक दिसेनाशा व्हायच्या. डेटा आत शाबूत, पण दार बंद. त्यावर दिलेल्या पहिल्या दुरुस्तीनेच काही ५०० जीबी डिस्क बंद पाडल्या, ती मागे घ्यावी लागली. २०१९ मध्ये तर एचपीईने सांगितलं, की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की मरतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास! पण दोघांनीही चूक फर्मवेअरची आहे हे लेखी मान्य केलं. मला मात्र शेवटपर्यंत "तुमच्या वापरात काहीतरी प्रॉब्लेम असेल" हेच ऐकवलं.

सुटका केली ती चंद्रपूरच्या एका रिपेअरवाल्या दादाने, तीही फोनवर. "काऊन बोर्ड बदलला बाप्पा? जुनं व्हर्जन टाका ना!" वर ताकीद, बॅटरी फुल्ल आणि चार्जर लावलेला. मध्येच पॉवर गेली तर मशीन कायमचं गेलं समजा. शेजारी चंद्रपुरात २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, तरी आमचा लाइटवर भरवसा नाही! सहा मिनिटं श्वास रोखून बसलो. झाकण मिटलं, उघडलं... उठला!

आता व्हर्जन नंबर, तारखा, तक्रार क्रमांक, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलंय. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

कालच कंपनीचा मेल आला. "आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवली आहे. कृपया स्टार द्या." तोही त्याच फोल्डरमध्ये टाकला.