हिरव्या कुरणातील उपासमार आणि आपले ब-१२

वाचकहो, आपल्या दुधाच्या पेल्याचा उगम गोठ्यात आहे असे आपण सहज म्हणतो. वास्तविक तो त्याही अलीकडे, जमिनीत आहे. मातीतील खनिजे गवतात येतात, गवतातून जनावरांच्या पोटात जातात आणि पुढे दुधावाटे आपल्यापर्यंत पोहोचतात. या साखळीची एक कडी शाकाहारी ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी अवश्य समजून घ्यावी अशी आहे. ती कडी म्हणजे कोबाल्ट हा धातू.

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या जमिनीत, वसाहतकारांनी जंगल तोडून कुरणे तयार केली. गवत दाट आणि हिरवेगार आले. परंतु त्यावर चरणारी गुरे-मेंढरे काही महिन्यांतच खंगू लागली. त्यांची भूक मंदावे, रक्त फिके पडे, आणि मुबलक चाऱ्यात उभी असलेली जनावरे उपासमारीने मरावीत तशी मरत. त्यांनाच वेळीच दुसऱ्या भागातील चांगल्या कुरणात हलवले, तर ती सुधारत. तेथील लोक या विकाराला ‘बुश सिकनेस’ म्हणत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील डेन्मार्क या गावाच्या परिसरात आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनारपट्टीवरही असाच विकार आढळत असे.

रक्त फिके पडते म्हणजे लोह कमी पडत असावे, असा तर्क झाला. जनावरांना लिमोनाइट नावाचे लोहयुक्त खनिज चारण्यात आले आणि पुष्कळदा गुण आला. मात्र एका ठिकाणचे लिमोनाइट उपयोगी पडे, तर दुसऱ्या ठिकाणचे निष्फळ ठरे. १९३५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील एरिक अंडरवुड आणि फिल्मर यांनी लिमोनाइटच्या अर्कातून लोह काढून टाकले. तरीही तो अर्क तितकाच गुणकारी ठरला. औषध लोहात नव्हतेच. त्यात अशुद्धी म्हणून मिसळलेल्या कोबाल्टात होते. त्याच सुमारास ॲडिलेड येथे हेडली मार्स्टन व त्यांचे सहकारीही किनारपट्टीवरील रोगाच्या अभ्यासातून कोबाल्टपर्यंतच पोहोचले.

मेंढीला दिवसाकाठी लागणारे कोबाल्ट किती, तर ग्रॅमचा सुमारे दहा हजारावा भाग. एवढ्याशा अंशावाचून कळपच्या कळप नष्ट होत होते. आता आपण विचाराल की, मग गवत हिरवेगार कसे राहिले? गवताला स्वतःच्या वाढीसाठी कोबाल्टाची फारशी गरजच नसते. मातीत ते नसले तरी पाते लांब वाढते. त्याची उणीव डोळ्यांना दिसत नाही, ती चरणाऱ्याच्या अंगी दिसते. शिवाय मातीत कोबाल्ट असूनही ते गवताला मिळेलच असे नाही. जमिनीत चुन्याचे प्रमाण वाढले किंवा मँगनीजची संयुगे विपुल असली, तर कोबाल्ट मातीतच जखडून राहते. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात मात्र गवतापेक्षा ते सहसा अधिक आढळते.

एवढा सूक्ष्म अंश शरीरात करतो तरी काय, याचे उत्तर मिळण्यास आणखी काही वर्षे गेली. १९४८ साली अमेरिका व ब्रिटन येथील शास्त्रज्ञांनी यकृतातून लाल रंगाचे एक जीवनसत्त्व वेगळे केले. माणसांच्या एका घातक पांडुरोगावर ते गुणकारी होते. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टाचा अणू होता. हेच जीवनसत्त्व ब-१२. हे जीवनसत्त्व गवत बनवत नाही, गायही बनवत नाही. ते बनवतात सूक्ष्म जीवाणू. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटात असे असंख्य जीवाणू नांदतात आणि चाऱ्यातील कोबाल्टापासून ते ब-१२ घडवतात. म्हणूनच आजारी मेंढीला कोबाल्ट चारल्यास गुण येई. पण तेच शिरेतून टोचल्यास फारसा लाभ होत नसे. जीवाणूंपर्यंत ते पोहोचतच नव्हते.

आपल्या मोठ्या आतड्यातही ब-१२ बनवणारे जीवाणू असतात. परंतु हे जीवनसत्त्व शोषले जाते ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या आधीच. त्यामुळे आपल्याला ते तयार स्वरूपातच अन्नातून मिळवावे लागते. कोबाल्टयुक्त गोळी खाऊन आपला काहीही लाभ नाही. डाळी, भाज्या, फळे यांत ब-१२ नसते. अंडी वा मासे न खाणाऱ्या घरात दूध, दही, ताक आणि पनीर हेच त्याचे मुख्य आधार उरतात.

प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे २ ते २.५ मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. १०० मिलिलिटर दुधात ते साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम असते. म्हणजे दिवसाला दोन पेले दूध वा तेवढ्या दुधाचे दही घेतल्यास गरज बरीचशी भागते. चहात घातलेले चमचाभर दूध या हिशेबात धरू नये. दूध पुन्हा पुन्हा आणि फार वेळ उकळल्यास या जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो, हेही ध्यानात असावे. ज्यांना वैद्यकीय कारणाने दूध मर्यादित घेण्यास सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

उतारवयात आणखी एक अडचण येते. जठरातील आम्ल कमी होत जाते आणि अन्नातील ब-१२ मोकळे होणे अवघड होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरील गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही उणीव अधिक संभवते. तळपायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, जिभेची आग होणे, थकवा, विस्मरण, उदासपणा ही तिची लक्षणे होत. घरातील माणसे ‘आता वय झाले’ म्हणून ती सोडून देतात, आणि तेथेच घात होतो. कारण मज्जातंतूंची हानी फार काळ राहिली, तर ती पूर्णपणे भरून येत नाही.

लिमोनाइटच्या कथेतील धडा येथे उपयोगी पडतो. फिके रक्त पाहून स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. डॉक्टरांना विचारून रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे. उणीव आढळल्यास गोळी किंवा इंजेक्शन यांपैकी काय घ्यावे, ते त्यांनाच ठरवू द्यावे. औषधातील ब-१२ मोकळ्या रूपात असल्याने कमी आम्ल असलेल्या जठरातही ते बहुधा शोषले जाते.

आपल्या घरी दुभते जनावर असेल, तर वर्षभर केवळ कडबा व उसाच्या वाढ्यांवर त्याला ठेवू नये. पशुवैद्यांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण आणि थोडा द्विदल चारा द्यावा. जनावराचे कोटीपोट सुस्थितीत असेल, तर उरलेले काम तेथील जीवाणू करतात. मात्र कोबाल्ट अधिक चारले म्हणून दुधातील ब-१२ त्या प्रमाणात वाढत जाईल, अशी अपेक्षा धरू नये.

घरातील वडीलधाऱ्यांचे ताट भरलेले दिसते, तेही दोन वेळा जेवतात, म्हणून निर्धास्त राहू नये. त्या ताटात आणि पेल्यात ब-१२ कोठून येते, एवढे एकदा मोजून पाहावे. आणि त्यांनी पायांच्या मुंग्यांची तक्रार केली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे.