यंत्राला ताप येतो तेव्हा

मनुष्यास ताप आला म्हणजे जाणता वैद्य केवळ कपाळाला हात लावून स्वस्थ बसत नाही. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, काल काय खाल्ले, कोठे भिजला, असे चार प्रश्न विचारतो. ताप हा स्वतः रोग नव्हे. आत दडलेल्या रोगाची ती वर्दी होय, हे त्याला ठाऊक असते. यंत्रांचेही असेच आहे. यंत्र वाजवीपेक्षा अधिक तापू लागले, की ते आपल्या मुक्या भाषेत काही सांगत असते. ते सांगणे समजून घेणारा यंत्र वाचवतो. न समजता त्याचे तोंड बंद करू पाहणारा संकट ओढवून घेतो.

असा एक प्रसंग कल्पावा. वैशाखातली दुपार आहे. अकोल्याहून अमरावतीला एक मोटार निघाली आहे. मोटार चालवणारा तरुण हौशी आहे. मागच्या बाकावर त्याची आजी आणि धाकटी बहीण बसली आहे. गाणी मोठ्याने ऐकता यावीत म्हणून तरुणाने मोटारीत नवा ॲम्प्लिफायर बसवून घेतला आहे. ध्वनीचा क्षीण विद्युत्संकेत बलवान करून स्पीकरकडे पाठवणारी ही पेटी मागच्या बाकाखाली, जाड सतरंजीच्या आड ठेवलेली आहे. मूर्तिजापूर जवळ येते, गाणे रंगात येते, आणि एकाएकी आवाज बंद पडतो. पंधरावीस मिनिटांनी तो आपोआप सुरू होतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडतो. परतीच्या वाटेवर तर फ्यूजच जळतो. तरुण वैतागतो, २० अँपिअरचा जळका फ्यूज काढून त्या जागी ४० अँपिअरचा बसवतो. गाणी पुन्हा सुरू होतात; परंतु घटकाभराने आजी म्हणते, "अरे, काहीतरी करपल्यासारखा वास येतोय." तरुण तत्काळ मोटार थांबवतो, फ्यूज काढून टाकतो, आणि घरी परतताच मोटार एका जुन्या, अनुभवी मिस्त्रीच्या दुकानी नेतो.

मिस्त्रीने काय केले, हे समजण्यासाठी ॲम्प्लिफायर मुळात तापतो का, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

ॲम्प्लिफायरला शक्ती मिळते ती मोटारीच्या बॅटरीकडून. तिच्यापैकी सर्वच शक्ती स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरने पूर्ण जोराने वाजताना २०० वॅट शक्ती घेतली, तर तिच्यापैकी सुमारे निम्मीच पुढे जाते. उरलेली आतील ट्रान्झिस्टरांत उष्णता होऊन राहते. म्हणजे शंभर वॅटचा एक दिवाच त्या पेटीत जळत असतो, असे म्हणावयास हरकत नाही. अलीकडच्या 'डी' वर्गाच्या ॲम्प्लिफायरांत हा व्यय बराच कमी असतो. परंतु मुळीच न तापणारा ॲम्प्लिफायर अद्याप कोणी केलेला नाही.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली जन्मलेला ट्रान्झिस्टर हा या पेटीचा प्राण होय. तो आकाराने लहान, कामात चपळ, परंतु उष्णतेपुढे हळवा. म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यास घट्ट बसवतात. या पत्र्याला बाहेरच्या बाजूने फण्यासारखे उभे पाते असतात. त्याला हीट सिंक म्हणतात. उष्णता ट्रान्झिस्टरातून पत्र्यात, पत्र्यातून पात्यांत, आणि पात्यांतून हवेत जाते. पात्यांमुळे हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो, आणि तापून हलकी झालेली हवा वर जाऊन तिच्या जागी थंड हवा येते. हा प्रवास कोठेही अडला, की उष्णता आतच साठू लागते. तेव्हा आतील रक्षक मंडल ॲम्प्लिफायर बंद करते व तो निवला की पुन्हा चालू करते. मूर्तिजापूरजवळ आवाज बंद पडला, तो बिघाड नव्हता. यंत्राने केलेले ते आत्मरक्षण होते.

आता मिस्त्रीकडे वळावे. "काका, आणखी मोठा फ्यूज टाकून द्या, म्हणजे कटकट मिटेल," असे तरुण म्हणाला. मिस्त्रीने मान हलवली. तो म्हणाला, "दादा, आधी तो का जळला ते पाहू." त्याने एकदम स्क्रूड्रायव्हर हाती घेतला नाही. आवाज किती वेळाने बंद पडतो, कोणत्या वेळी पडतो, सकाळच्या गारव्यातही पडतो काय, असे प्रश्न त्याने विचारले. मग डोळ्यांनी पाहिले, नाकाने हुंगले, हाताने चाचपले. सतरंजी उचलताच पहिले कारण दिसले. पेटीच्या पात्यांवर सतरंजी दाबून बसलेली होती. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील हवा बाहेरच्या हवेहून कितीतरी अधिक तापते. त्यातच असे पांघरूण! ज्वर आलेल्या माणसाला भर उन्हात घोंगडी पांघरावी, तसाच हा प्रकार.

परंतु एक कारण सापडले म्हणून मिस्त्री थांबला नाही. जागा अडचणीची असल्याने पेटी तापेल, पण तेवढ्याने फ्यूज जळणार नाही, हे तो जाणत होता. त्याने जुन्या मापाचा फ्यूज बसवला, स्पीकरच्या सर्व तारा सोडवल्या आणि ॲम्प्लिफायर नुसताच अर्धा तास चालू ठेवला. पेटी गार राहिली. याचा अर्थ, तिच्या आत बिघाड नव्हता. दोष बाहेर होता. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहावा, ही शास्त्रज्ञाची रीत मिस्त्रीनेही पाळली होती.

नंतर त्याने मल्टिमीटर काढला. विजेच्या प्रवाहाला वाटेत जो अडथळा होतो, त्याला रोध म्हणतात. दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम याने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. म्हणून रोध ओहममध्ये मोजतात. चार ओहमांचा एकटा स्पीकर मल्टिमीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो. येथे मात्र आकडा त्याच्या निम्मा निघाला. दोन दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडून एकाच जागी लावले होते. पाण्याला दोन वाटा मिळाल्या की ते दुप्पट वाहते. तद्वतच दोन वाटा मिळाल्यामुळे रोध निम्मा व प्रवाह दुप्पट झाला होता. चार ओहमांसाठी बनवलेल्या त्या पेटीवर दोन बैलांचे ओझे एका बैलावर लादावे तसे ओझे पडले होते. हे दुसरे कारण.

तिसरे कारण तारेत होते. बॅटरीपासून मागच्या बाकापर्यंतची तार फार बारीक होती, आणि अर्थिंगचा स्क्रू मोटारीच्या रंगावरच आवळलेला होता. रंगातून वीज नीट वाहत नाही. तेथे उघडा, घासलेला पत्राच हवा. तार पत्र्यापासून दूर धरून मिस्त्रीने क्षणभर गाणे लावले. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट दाब होता, ॲम्प्लिफायरपाशी साडेदहाच! दोन व्होल्ट वाटेतच हरवले होते. ते गेले कोठे? ते उष्णता होऊन तारेत मुरले होते. तारेचे वेष्टन मऊ पडून सतरंजीला चिकटले होते. आजीला आलेला वास त्याचाच होता.

येथे जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केलेला नियम आठवावा. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या वाटेचा रोध एकदशांश ओहम होता. वीस अँपिअर प्रवाह गेला, तर वीस गुणिले वीस गुणिले एकदशांश, म्हणजे ४० वॅट उष्णता. चाळीस अँपिअर गेला, तर मात्र ८० नव्हे, १६० वॅट! फ्यूज दुप्पट केला, परंतु अनर्थाची मुभा चौपट झाली. मिस्त्रीने हा हिशेब दुकानातल्या पाटीवर खडूने मांडून दाखवला, तेव्हा तरुणाचा चेहरा उतरला. ते वितळणारे वेष्टन त्याच्या आजीच्या व बहिणीच्या बाकाखाली होते. फ्यूज हा गाणी अडवणारा शत्रू नसून तारेचे रक्षण करणारा पहारेकरी आहे. स्वतः जळून तो इतरांस वाचवतो. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याला काढून बहिरा पहारेकरी नेमणे हे शहाणपण नव्हे.

आणखी एक दोष उरला होता. ॲम्प्लिफायरवर 'गेन' नावाची एक खुंटी असते. आवाज वाढवण्यासाठी ती नसते. गाणे पाठवणारे यंत्र आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ बसवण्यासाठी ती असते. ती शेवटपर्यंत फिरवलेली होती. त्यामुळे ध्वनिलहरींचे माथे कापले जाऊन आवाज फाटत होता व पेटी विनाकारण राबत होती.

मिस्त्रीने सर्व दोष क्रमाने दूर केले. जाड तार घातली, आणि बॅटरीच्या अगदी जवळ पूर्वीच्याच मापाचा २० अँपिअरचा फ्यूज बसवला. रंग खरवडून अर्थिंग पक्के केले. जोडीतील स्पीकर एकापुढे एक जोडले. त्यामुळे रोध वाढून आठ ओहम झाला व प्रवाह आवरला गेला. खुंटी मागे घेतली, आणि पेटी चारही बाजूंनी हवा लागेल अशा जागी, पाते उभे राहतील अशा रीतीने बसवली. आवाज पूर्वीपेक्षा थोडा उतरला खरा. परंतु तो स्वच्छ झाला. पुढच्या खेपेस मोटार भर दुपारी अमरावतीपर्यंत गेली. पेटी कोमट झाली, तापली नाही, आणि मागच्या बाकावर आजीला सुखाने डुलकी लागली.

घरातील पंखा असो, शेतावरचा पंप असो, वा मोटारीतील ॲम्प्लिफायर असो. यंत्र तापले तर प्रथम ते बंद करावे, त्याला निवू द्यावे, आणि मग जाणत्याच्या मदतीने कारण शोधावे. लहानांनी विजेच्या जोडणीला एकट्याने हात लावू नये. परंतु वास आला, आवाज बदलला, तार गरम लागली, तर ते मोठ्यांस तत्काळ सांगावे. त्या प्रवासात संकट टळले ते मिस्त्रीच्या कौशल्याने खरेच; परंतु त्याआधी ते टळले होते, आजीने वास ओळखला आणि नातवाने तिचे ऐकले म्हणून.