लॅपलंडचा उघडा माणूस

फिनलंडच्या उत्तरेकडील लॅपलंड प्रांताचे ढालचिन्ह पाहिले की पहिला प्रश्न पडतो तो कपड्यांचा. लाल ढालीवर एक दांडगा, दाढीवाला पुरुष उभा आहे. डोक्यावर आणि कमरेला हिरव्या पानांचे वेष्टन, खांद्यावर सोनेरी सोटा. बाकी अंग उघडे. सीमेपलीकडे स्वीडनमध्येही एक लॅपलंड आहे. तिथे ढाल रुपेरी आणि माणूस लाल, पण गडी तोच.

या मुलखाचा बराचसा भाग आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांच्या खाली उतरतो. तिथले मूळ रहिवासी सामी लोक परंपरेने रेनडियरच्या केसाळ कातड्याचे अंगरखे घालतात आणि कातडी बुटांत वाळके गवत भरतात. पाने गुंडाळून तिथे उभे राहण्याचा वेडेपणा त्यांच्यापैकी कोणी केला असेल, हे संभवत नाही. मग हा माणूस आला कुठून?

नाणी जमवणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. जर्मनीतल्या ब्रुन्सविकच्या ड्यूकांनी 16व्या शतकापासून पाडलेल्या चांदीच्या थेलरांवर असाच रानमाणूस आहे. डेन्मार्कच्या राजचिन्हातही ढालीच्या दोन्ही बाजूंना असेच दोन गडी सोटे घेऊन उभे असतात. मध्ययुगीन युरोपच्या कल्पनेतला हा रानटी मनुष्य आहे. वस्तीबाहेर, अरण्यात राहणारा. म्हणजे लॅपलंडच्या ढालीवरचे चित्र लॅपलंडमधले नाहीच. दक्षिणेतल्या दरबाराने उत्तरेची जी कल्पना केली, ती त्या ढालीवर आहे. गंमत अशी की शेजारच्या वेस्टरबॉटन प्रांताच्या ढालीवर रेनडियर आहे. जनावर शेजाऱ्याकडे गेले आणि रानमाणूस यांच्या वाट्याला आला.

नावाची गोष्टही याच वळणाची. डॅनिश इतिहासकार सॅक्सो याच्या 1200च्या सुमाराच्या लॅटिन ग्रंथात ‘लाप्पिया’ हा उल्लेख येतो. व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कोणी तो शब्द फिनिश भाषेतल्या ‘बाजू, कड’ अशा अर्थाच्या शब्दाशी जोडतो. स्वीडिश भाषेत मात्र ‘लॅप’ म्हणजे ठिगळ. ठिगळाची व्युत्पत्ती मला लोकांनी मागाहून जुळवलेली वाटते. पण अपमान व्हायला व्युत्पत्ती खरी असावी लागत नाही. नॉर्वेजियन लोक याच माणसांना ‘फिन’ म्हणत, म्हणून तिथल्या उत्तरेकडच्या प्रांताचे नाव फिनमार्क. म्हणजे एकाच समाजाला एक शेजारी फिन म्हणतो आणि खुद्द फिन त्याला लॅप म्हणतात! ते स्वतःला सामी म्हणतात आणि आपल्या भूमीला साप्मी. ही साप्मी नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प अशा चार देशांत पसरली आहे. आमच्या पिढीने शाळेत टुंड्रा प्रदेशाचा धडा पाठ केला, त्यातही ‘लॅप लोक’च होते.

दरबाराला या बर्फात एवढा रस का होता? उत्तर आहे फरची कातडी आणि समुद्र. सामी वस्त्यांवर स्वीडन, डेन्मार्क-नॉर्वे आणि रशिया या तिन्ही सत्ता कर सांगत, आणि काही वस्त्या तिघांनाही भरत. सिद्दी आणि मराठे यांच्या दुअमलीत कोकणातल्या गावांनी जे सोसले, ते इथे तिअमलीत चालले होते. स्वीडनचा राजा नववा कार्ल याने 1607 साली आपल्या बिरुदावलीत ‘उत्तरेकडील लॅपांचा राजा’ अशी भर घातली. आर्क्टिक किनाऱ्यापर्यंत हक्क सांगण्याचीच ती रीत होती. डेन्मार्कला हे खपणारे नव्हते. 1611 साली काल्मारचे युद्ध पेटण्याच्या कारणांत हा वाद होता, आणि 1613च्या क्नेरेड तहात स्वीडनला तो दावा सोडावा लागला. रानमाणसाची ढाल याच शतकातली आहे, हे विसरून तिच्याकडे पाहता येत नाही. ढाल ज्याची, मुलूख त्याचा, असा तो हिशेब.

त्याच शतकात स्वीडनवर एक विचित्र आळ होता: तीस वर्षांच्या युद्धात त्यांनी सामी जादूटोण्याच्या बळावर विजय मिळवले! तो खोडायला उप्सालाचे प्राध्यापक योहानेस शेफेरुस यांच्याकडून ‘लाप्पोनिया’ हा लॅटिन ग्रंथ लिहून घेण्यात आला. तो 1673 साली फ्रँकफर्टला छापला गेला. शेफेरुस स्वतः उत्तरेला गेले नव्हते. पाद्र्यांच्या टिपणांवर त्यांची भिस्त होती. तरी त्या ग्रंथात ओलाउस सिर्मा या सामी विद्यार्थ्याने दिलेली दोन गीते मूळ सामी भाषेत आहेत. ग्रंथाच्या नावात लॅप, आणि आत सामी माणसाचा स्वतःचा आवाज. मला हा ग्रंथ मोलाचा वाटतो तो या दोन गीतांसाठी.

1809 साली स्वीडनने फिनलंड रशियाला गमावला आणि लॅपलंड दुभंगले. म्हणून आज एकाच गड्याच्या दोन ढाली. फिनलंडने 1938 साली लॅपलंड हा स्वतंत्र प्रांत केला, तोही त्याच नावाने. सामी लोकांच्या निर्वाचित संसदा नॉर्वेत 1989, स्वीडनमध्ये 1993 आणि फिनलंडमध्ये 1996 साली सुरू झाल्या. त्यांच्या नावात ‘लॅप’ कुठेही नाही.

त्याआधी, 1986 साली, सामी परिषदेने अस्ट्रिड बोल या सामी चित्रकर्तीने रेखाटलेला ध्वज स्वीकारला. त्यावर माणूस नाही. मधोमध सूर्य आणि चंद्र मिळून झालेले एक वर्तुळ आहे. आणि लाल, निळा, हिरवा, पिवळा हे रंग घेतले आहेत ते सामी लोकांच्या पारंपरिक पोशाखावरून.